घोड्याला रुग्ण करू नका : लष्करी वैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी अश्वसाहाय्यित उपचार

एका लष्करी रुग्णालयात कर्मचारी-कल्याणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : त्यांच्याकडील परिचारिका, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि जखमींपर्यंत सर्वांत आधी पोहोचणारे वैद्यकीय साहाय्यक यांच्यासाठी घोड्यांच्या साहाय्याने उपचार सुरू करण्याचा प्रस्ताव आला आहे, त्यात तथ्य किती, घोड्यावर बसणे आवश्यक असते का, उपक्रम कसा राबवावा आणि त्याचा उपयोग झाला हे कशावरून ठरवावे? मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि गेली अनेक वर्षे एका मुरलेल्या अश्वप्रशिक्षकाच्या जोडीने हेच काम करते. त्यामुळे उत्तर पुस्तकी राहणार नाही, परंतु लांबेल.

उपक्रम अवश्य सुरू करावा, असे माझे मत आहे. मात्र सैनिकांसाठी तयार केलेला आराखडा जसाच्या तसा वैद्यकीय कर्मचाऱ्यांना लावू नये. लढणाऱ्या सैनिकाची आणि त्याला टाके घालणाऱ्याची झोप उडण्याची कारणे वेगळी असतात. वैद्यकीय कर्मचाऱ्याची अडचण अशी, की समोर जिवंत देह दिसला की त्याचे हात आपोआप कामाला लागतात. काहीही न करता कुणाजवळ उभे राहणे तो विसरून गेलेला असतो. घोड्याचा खरा उपयोग तिथे आहे, आणि आराखडा चुकला तर नेमका तिथेच तोटाही होतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू या, कारण प्रस्ताव आणणारी मंडळी एकाच नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी मांडतात. हिपोथेरपी म्हणजे घोड्याच्या चालीतून मिळणाऱ्या हालचालीचा उपयोग भौतिकोपचारतज्ज्ञाने किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञाने शरीराच्या पुनर्वसनासाठी करणे. उपचारात्मक अश्वारोहण म्हणजे प्रशिक्षित शिक्षकाकडून, व्यक्तीच्या मर्यादा ध्यानात घेऊन, घोडेस्वारी शिकणे. अश्वसाहाय्यित मानसोपचारात परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञ आणि घोड्यांचा जाणकार दोघेही रिंगणात असतात व बहुतेक काम जमिनीवर उभे राहूनच चालते. चौथा प्रकार अश्वसाहाय्यित शिक्षणाचा. त्यात नेतृत्व, संवाद वगैरे विषय येतात आणि उपचाराचा दावा नसतो. आपल्याला तिसरा प्रकार हवा आहे. प्रस्तावात पैसे तिसऱ्याचे मागितलेले आणि देऊ केलेला मात्र चौथा, असे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून रिंगणात मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष हजर असणार का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

या क्षेत्राचा इतिहास सांगताना लिस हार्टेल यांचे नाव नेहमी घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पोलिओमुळे गुडघ्यांखालील पायांतील शक्ती गेलेल्या या डॅनिश स्वार महिलेने 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज (स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर घोड्याने शिस्तबद्ध चाली करून दाखवणे) या प्रकारात रौप्यपदक मिळवले आणि 1956 मध्ये पुन्हा तीच कामगिरी केली. 1952 पूर्वी ऑलिंपिकमधील हा प्रकार मुख्यतः लष्करी अधिकाऱ्यांपुरता होता, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पुढे उत्तर अमेरिकेत 1969 मध्ये अपंगांच्या अश्वारोहणासाठी संघटना स्थापन झाली. तीच आज पाथ इंटरनॅशनल म्हणून ओळखली जाते. मानसोपचाराच्या बाजूने ईगाला ही संस्था 1999 मध्ये उभी राहिली आणि तिने तज्ज्ञ व अश्वजाणकार यांची जोडी, तसेच जमिनीवरचे काम, हा साचा पक्का केला. अमेरिकी लष्कराच्या ज्या तुकडीचे घोडे आर्लिंग्टनच्या दफनभूमीत शवपेटीचा गाडा ओढतात, त्याच तुकडीने आपले घोडे जखमी सैनिकांच्या अश्वारोहणासाठीही वापरले. मृतांना पोहोचवणारा घोडा जिवंतांच्याही उपयोगी पडतो, ही कल्पना माझ्याकडे आलेल्या शवागारात काम करणाऱ्या एका साहाय्यकाला फार आवडली होती.

आता घोडाच का? कुत्रा सोपा, स्वस्त आणि वॉर्डात नेता येण्यासारखा असतो. परंतु कुत्रा माणसाचे समाधान करायला उत्सुक असतो. आपण कसेही असलो तरी तो शेपूट हलवतो. घोडा हा शिकार होणारा, कळपात राहणारा प्राणी आहे. त्याची नजर जवळजवळ 350 अंशांपर्यंत फिरते, कान स्वतंत्रपणे वळतात आणि आजूबाजूच्या प्रत्येक देहातला ताण टिपणे हा त्याच्या जगण्याचा भाग असतो. स्वीडनमध्ये झालेला आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. माणसांना घोडा धरून ठरावीक अंतर चालायला सांगितले आणि एका फेरीआधी कळवले की या वेळी वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाची गती वाढली आणि घोड्यांचीही वाढली. छत्रीची गोष्ट घोड्यांना कुणी सांगितलेली नव्हती. दोराच्या दुसऱ्या टोकाला जे चालले होते तेवढेच त्यांच्यापर्यंत पोहोचले. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की, अनोळखी माणसाच्या रागीट चेहऱ्याचे छायाचित्र पाहताना घोडे डावा डोळा अधिक वापरतात आणि त्यांच्या हृदयाची गती लवकर चढते.

याच्या पलीकडे घोड्याच्या हृदयाचे चुंबकीय क्षेत्र माणसाला बरे करते, घोडा आपल्या मनातले दुःख शोषून घेतो, अशी जी वाक्ये प्रस्तावांमध्ये असतात, ती लाल शाईने खोडावीत. घोडा दुःख शोषत नाही. तो दचकतो, थबकतो, बाजूला सरतो, जवळ येतो, आणि या चार गोष्टी उपचाराला भरपूर पुरतात.

लष्करी वैद्यकीय माणसाचे ओझे दुहेरी असते. तो गणवेशात असतो आणि वैद्यकीय शपथेतही. जिनिव्हा करारांनुसार शत्रूच्या जखमीवरही त्याला केवळ वैद्यकीय निकडीच्या क्रमानेच उपचार करावे लागतात, मग शेजारच्या खाटेवर त्याच्याच तुकडीतला माणूस का असेना. एकाच वेळी अनेक जखमी आले की त्यांची वर्गवारी करावी लागते आणि त्यात ज्यांच्यावर उपलब्ध साधने खर्च करायची नाहीत असा एक गट असतो. तो निर्णय नियमाप्रमाणे अचूक असतो आणि तरीही वर्षानुवर्षे रात्री परत येतो. नैतिक आघात ही संज्ञा मानसोपचारात रुळली ती अशाच अनुभवांसाठी. इथे भीतीपेक्षा ‘मी हे केले’ किंवा ‘मी हे करू शकलो नाही’ ही बोचणी मोठी असते. जोडीला करुणेचा थकवा, म्हणजे दुसऱ्याचे दुःख सतत पाहून आतून कोरडे पडणे. आणि या सगळ्यावर व्यवसायाने घडवलेला एक शांत चेहरा असतो. रक्ताच्या थारोळ्यातही हा चेहरा हलत नाही, म्हणूनच जखमीला धीर येतो. पण माझ्या खोलीत खुर्चीवर बसल्यावरही तो हलत नाही. डॉक्टर, परिचारिका यांच्याशी मानसोपचाराचे बोलणे करणे अवघड असते, कारण प्रत्येक प्रश्नामागचा हेतू त्यांना ठाऊक असतो आणि उत्तरे तयार असतात. घोडा प्रश्न विचारत नाही आणि चेहऱ्यावर विसंबून राहत नाही; आवाज मृदू पण खांदे कानांपर्यंत चढलेले असतील, तर तो खांद्यांकडे लक्ष देतो.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. अतिदक्षता विभागात दीर्घकाळ काम केलेली एक परिचारिका तिसऱ्या सत्राला आली होती. आधीच्या दोन्ही सत्रांत तिने घोडीला इतका नीटनेटका खरारा केला होता की मोतद्दाराने तिला नोकरी देऊ केली असती. मान, खांदा, पाठ, पुठ्ठा, सगळे क्रमाने, हात कुठेही न रेंगाळता. मी तिला म्हटले, आज ब्रश राहू द्या, नाडी मोजा. खालच्या जबड्याच्या हाडावरून धमनी जाते तिथे बोटे कशी ठेवायची ते आमच्या प्रशिक्षकाने दाखवले. तिने सवयीने घड्याळाकडे पाहिले आणि पूर्ण मिनिट मोजले. 36 भरले. विश्रांत अवस्थेतील प्रौढ घोड्यासाठी मिनिटाला 28 ते 44 ठोके ही नेहमीची गती आहे, हे मी तिला मुद्दाम आधी सांगितले नव्हते. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “वॉर्डात हा आकडा दिसला असता तर मी आतापर्यंत घंटा दाबली असती.” मी सांगितले, ती ठीक आहे, तिची नाडी अशीच असते. तिने पुन्हा मोजली. पुन्हा 36. मग बोटे तिथेच ठेवून ती उभी राहिली. मोजून झाले होते, नोंदवायला तक्ता नव्हता, कळवायला डॉक्टर नव्हते, आणि घोडीला तिच्याकडून काहीही नको होते. साधारण दहा मिनिटांनी ती बोलू लागली ती एका विशिष्ट रात्रीबद्दल, आणि तीही घोडीच्या मानेकडे पाहत, माझ्याकडे नव्हे. मी फारसे काही विचारले नाही. पुढचे काम नंतर खोलीत बसूनच झाले, पण त्या कामाची दारे पागेत उघडली.

दुसरी गोष्ट खुराची. घोड्याचा खूर साफ करताना शिकाऊ माणूस वाकतो आणि पाय ओढून उचलू पाहतो. चारशे ते सहाशे किलोचे जनावर ओढून उचलता येत नसते. खांद्यापासून हात खाली उतरवत आणायचा, घुटीजवळ थांबायचे आणि घोड्याने भार बाकीच्या तीन पायांवर घेण्याची वाट पाहायची. मग पाय हातात हलका येतो. जखमींना वर्षानुवर्षे उचलून नेणाऱ्या साहाय्यकांना हे विलक्षण अवघड जाते. त्यांच्या हाती आलेले देह बहुतेक वेळा बेशुद्ध किंवा वेदनेने हतबल असतात, त्यांना नकार देता येत नाही आणि वेळही नसतो. घोडा मात्र पाय देतो किंवा देत नाही. ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या देहाला हात लावण्याचा हा अनुभव त्यांच्यासाठी किती नवा असतो, हे सुरुवातीला माझ्याही लक्षात आले नव्हते.

आता माझी चूक. सुरुवातीच्या एका गटासाठी मी जाणूनबुजून एक वयस्कर, थोडासा लंगडणारा, पायावर जुन्या जखमेचा व्रण असलेला घोडा निवडला होता. जखमी प्राण्याशी यांचे सूत लवकर जुळेल, असा माझा हिशेब होता. सूत जुळले, पण भलत्याच धाग्याने. दुसऱ्या आठवड्यात दोघांनी आपापल्या पिशवीतून मलमपट्टीचे सामान आणले. तिसऱ्या आठवड्यात घोड्याच्या पायाच्या सुजेची रोजची नोंदवही सुरू झाली, आणि सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी पागेत चक्कर मारू लागले. माझ्या टिपणांत मी उत्साहाने ‘सहभाग उत्तम’ असे लिहीत होते. प्रत्यक्षात मी दमलेल्या माणसांना आणखी एक रुग्ण नेमून दिला होता. त्यातच एका रात्री त्या घोड्याला पोटशूळ उठला, आणि पशुवैद्यकांनी शक्य ते सारे केल्यावर त्याला वेदनामुक्त मरण द्यावे लागले. सत्राच्या दिवशी गट आला तेव्हा ठाण रिकामे होते. बातमी कुणी, केव्हा आणि कशी द्यायची, याचा विचार मी केलेला नव्हता. एका साहाय्यकाने मला एवढेच विचारले की रात्री आपल्याला का बोलावले नाही. तो परत आला नाही. त्याच्याशी पुढे संपर्क ठेवला, त्याला वेगळी मदतही मिळाली. तरी ती जबाबदारी माझी होती.

तेव्हापासूनचे आमचे नियम असे. उपक्रमातील घोडे निरोगी, धडधाकट आणि मधल्या वयाचे असावेत. घोड्याला खरचटले तर त्याची काळजी पागेची माणसे घेतील. सहभागींनी दाखवावे आणि मागे सरावे. कातडीवरचा ओरखडा पाहून मागे सरणे हा त्यांच्यासाठी अख्ख्या सत्राएवढा अभ्यास असतो, आणि त्या वेळी त्यांच्या हातांचे काय होते याकडे मी बारकाईने पाहते. पागेत ‘केस’, ‘प्रकृती’, ‘निदान’ हे शब्द आम्ही वापरत नाही. पहिल्याच भेटीत सांगितले जाते की घोडे आजारी पडतात, कधी दगावतात, आणि तसे झाले तर सत्राआधी फोनवरून मी स्वतः कळवेन.

पुराव्याबद्दल. कोलंबिया विद्यापीठातील ‘मॅन ओ’वॉर’ प्रकल्पात आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी) असलेल्या 63 माजी सैनिकांना आठवड्याला एक याप्रमाणे 90 मिनिटांची आठ गटसत्रे देण्यात आली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विकाराची आणि नैराश्याची लक्षणे लक्षणीय प्रमाणात उतरली आणि तीन महिन्यांनंतरही सुधारणा टिकून होती. मात्र त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे सुधारणेतील घोड्याचा वाटा किती आणि गटाचा, मोकळ्या हवेचा किंवा नुसत्या काळाचा किती, हे त्यातून सांगता येत नाही. मिसुरी विद्यापीठाच्या 2018 मधील अभ्यासात तुलना होती. सहा आठवड्यांच्या उपचारात्मक अश्वारोहणानंतर माजी सैनिकांच्या तणाव विकाराच्या गुणांत घट दिसली, पण सहभागी अवघे 29 होते. दोन्ही अभ्यास माजी सैनिकांचे आहेत. सेवेत असलेल्या, उद्या पुन्हा शस्त्रक्रियागृहात उभ्या राहणाऱ्या परिचारिकेला ते निष्कर्ष लावताना आपण एक पाऊल अंदाजाने टाकतो, हे वरिष्ठांपुढे प्रस्ताव मांडताना स्पष्ट सांगावे. दीर्घकालीन सामना उपचार (टाळलेल्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे), संज्ञानात्मक प्रक्रिया उपचार (आघाताविषयीचे विचार तपासून बदलणे), नेत्रहालचालींवर आधारित ईएमडीआर या पद्धतींच्या मागे कितीतरी भक्कम पुरावा आहे. ज्याला पूर्ण विकार जडला आहे त्याला आधी त्या मिळाव्यात. घोडा त्यांच्याबरोबर असावा, किंवा त्यांच्यापर्यंत यायला जो तयारच नाही त्याच्यासाठी त्यांच्या आधी असावा.

बसावे की नाही, याचे माझे उत्तर ‘सुरुवातीला नाही’ असे आहे. खोगिरावर चढताच लष्करी माणसाच्या मनात चाचणी सुरू होते : मी बरोबर बसलो का, शेजारच्यापेक्षा बरा आहे का, पुढचा टप्पा कोणता. शिवाय स्वारीत पडण्याचा धोका असतो आणि पाठीच्या दुखापती या लोकांत सर्रास आढळतात. शेवटच्या दोन सत्रांत कुणाला हवे असेल तर दोर धरलेल्या घोड्यावर, शिरस्त्राणासह, चालत्या गतीने बसू द्यावे. ते आनंदाचे असते आणि आनंदही हवाच.

खरे तर घोडे पेंड खाते ते पागेत नाही, कामाच्या वेळापत्रकात. सत्र सुट्टीच्या दिवशी ठेवले तर ती सुट्टी हिरावल्यासारखे होते. रात्रपाळी संपल्यावर ठेवले तर अर्धवट झोपेतला माणूस पाचशे किलोच्या जनावराशेजारी उभा करणे धोक्याचे ठरते. सत्र कामाच्या वेळेतच हवे आणि त्या वेळात त्या माणसाच्या जागी दुसऱ्याची लेखी नेमणूक हवी. निव्वळ ‘आम्ही सांभाळून घेऊ’ असे आश्वासन पुरत नाही, कारण मग खिशातला फोन वाजतो आणि सत्राच्या नव्वद मिनिटांपैकी साठ वाया जातात. रुग्णालय हे करायला तयार नसेल, तर उपक्रम सुरूच करू नये असे मी स्पष्ट सांगते. मनुष्यबळाची टंचाई आणि रद्द होणाऱ्या रजा यांनी आलेला थकवा घोड्याने जात नाही, आणि घोडा दाखवून तो प्रश्न पुढे ढकलला जात असेल तर सहभागींना ते पहिल्याच दिवशी कळते. त्यांना वास लवकर येतो.

गोपनीयता त्याहून नाजूक. मदत घेतली तर पदोन्नतीवर, नेमणुकीवर परिणाम होईल ही भीती सर्वत्र असते, आणि वैद्यकीय कर्मचाऱ्याला त्यात आणखी एक भर पडते : त्याच्यावर उपचार करणारा बहुधा त्याचाच सहकारी असतो. म्हणून सत्र घेणारा तज्ज्ञ त्यांच्या आदेशसाखळीबाहेरचा असावा. रुग्णालयाला केवळ हजेरी कळावी. टिपणे कुठे राहतील, आणि जिवाला धोका दिसला तर मी कुणाला कळवेन, हे पहिल्या सत्रापूर्वी कागदावर लिहून सहभागींच्या हाती द्यावे. गट चार ते सहा जणांचा, घोडे दोन किंवा तीन. हुद्द्यांची सरमिसळ करू नये, किमान पहिल्या गटात तरी. घोड्याला हुद्दा कळत नाही हे वाक्य भाषणात शोभते. पण वरिष्ठ शल्यचिकित्सकाच्या हातातून दोर निसटताना पाहिलेल्या कनिष्ठ साहाय्यकाला दुसऱ्या दिवशी त्याच्याच हाताखाली उभे राहायचे असते.

कुणाला घेऊ नये, हे आपण जाणताच, तरी नोंदवते. आत्महत्येचा तातडीचा धोका, सक्रिय मनोविकृती, व्यसनातून बाहेर पडतानाची लक्षणे, तोल बिघडवणारी औषधे आणि घोड्याच्या केसांची किंवा वैरणीच्या धुळीची तीव्र ॲलर्जी असल्यास थांबावे. धनुर्वाताची लस झालेली हवी, कारण पागेची माती आणि लीद हे त्या जंतूचे घरच आहे. आणखी एक बाब नेहमी विसरली जाते : घोड्याकडून माणसाला गजकर्ण लागू शकते. पागेतून थेट भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात किंवा शस्त्रक्रियागृहात जाऊ नये; कपडे बदलणे आणि कोपरापर्यंत हात धुणे सत्राच्या वेळातच बसवावे. बाकी सुरक्षेचे नियम थोडे आणि कडक असतात. बंद बूट, घोड्याच्या अगदी नाकासमोरून किंवा पाठीमागून नव्हे तर खांद्याच्या बाजूने, आवाज देत जवळ जाणे, दोर हाताला कधीही न गुंडाळणे.

घोड्याच्या बाजूनेही कुणीतरी बोलले पाहिजे आणि ते काम अश्वजाणकाराचे आहे. सत्र थांबवण्याचा अधिकार त्याला माझ्याइतकाच असावा. मागे चिकटलेले कान, शेपटीचे फटकारे, आवळलेला जबडा, पुन्हा पुन्हा फिरवलेली मान, ही नकाराची चिन्हे आहेत. आमच्याकडे एक घोडा दिवसाला दोनच सत्रे करतो, त्याला कळपात मोकळे सोडले जाते, आणि रिंगणात तो सुटा असेल तर दूर निघून जाण्याची त्याला मुभा असते. घोडा निघून गेला की सहभागी बहुधा माझ्याकडे पाहून विचारतात, “माझे काय चुकले?” हा प्रश्न त्यांच्या तोंडी इतक्या पटकन येतो की त्यावरच अर्धे सत्र खर्च व्हावे. कधी उत्तर असते की काहीच चुकले नाही, पलीकडे हिरवे गवत आहे. आपल्या हातून काही न चुकताही कुणी आपल्याला सोडून जाऊ शकते, हे ज्याला वर्गवारीच्या त्या रात्रीबद्दल अजून मान्य करता आलेले नाही, त्याला गवताचे उदाहरण पचवायला सोपे जाते.

मोजमाप साधे ठेवावे, पण सुरुवातीपासून ठेवावे. आघातोत्तर लक्षणांसाठी 20 प्रश्नांची पीसीएल-5 आणि नैराश्यासाठी पीएचक्यू-9 या प्रश्नावल्या पुरेशा आहेत; व्यावसायिक थकव्यासाठी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांची प्रश्नावली घेता येईल, तिच्यात भावनिक रितेपणा, रुग्णांविषयीचा कोरडेपणा आणि कामातील कर्तृत्वाची जाणीव हे तीन घटक वेगळे दिसतात. मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटते ती दोन आठवड्यांची झोपेची नोंदवही. मोजणी सुरुवातीला, आठव्या म्हणजे शेवटच्या सत्रानंतर आणि तीन महिन्यांनी व्हावी. एका वेळी सहाच जण घेता येतात, त्यामुळे प्रतीक्षायादी होतेच. नावे चिठ्ठ्या टाकून काढली आणि प्रतीक्षेतल्यांचीही त्याच काळात मोजणी केली, तर तुलनेचा गट आपोआप मिळतो. पहिला गट केवळ हौशी लोकांचा भरला तर आकडे छान येतील आणि त्यांचा अर्थ काही लागणार नाही. प्रत्येक सत्रानंतर ‘कसे वाटले’ असे विचारून भरून घेतलेले तक्ते फेकून दिले तरी चालतील. मोकळ्या हवेत, घोड्याजवळ दीड तास घालवल्यावर सगळ्यांनाच बरे वाटते.

आठव्या सत्राची तयारी सहाव्यापासून करावी. शेवटच्या दिवशी प्रत्येक जण आपल्या घोड्याला कुरणाच्या फाटकापर्यंत नेतो, स्वतःच्या हाताने त्याची म्होरकी उतरवतो आणि ती फाटकाच्या खुंटीला अडकवतो. बहुतेक घोडे त्या क्षणी मागे न पाहता कळपाकडे निघून जातात. असे होणार हे आधीच सांगून ठेवावे, आणि घोडा लांब गेल्यावरही त्यांना फाटकाशी हवा तेवढा वेळ उभे राहू द्यावे. त्या दिवशीच्या वेळापत्रकात मी पुढचा अर्धा तास रिकामा ठेवते.